मीनाक्षीबाईंचा शायान

कॉव्हेंट्रीच्या महाराष्ट्र मंडळात मीनाक्षीबाई हुपरीकर अळूवड्यांसाठी आणि पोथीवाचनासाठी प्रसिद्ध होत्या. अळूवड्यांबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. पोथीचं मात्र जरा वेगळं होतं. बसमध्ये, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, आणि विशेषतः मंडळाच्या सभेत अध्यक्ष श्रीकांत वझलवारांचं भाषण सुरू झालं की बाई पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं एक जाडजूड पुस्तक काढायच्या आणि मान खाली घालून वाचत बसायच्या. मधूनच त्यांचे डोळे भरून यायचे. बघणाऱ्यांना वाटे, काय ही भक्ती.

पुस्तक लायब्ररीतलं असे. कव्हर काढलं असतं तर आतल्या चित्रात एक सदरा न घातलेला उंच पुरुष, त्याच्या दंडाला धरून उभी असलेली एक पिवळ्या केसांची बाई आणि मागे मावळतीचं माळरान दिसलं असतं. अमेरिकेच्या माळरानावर वस्ती करायला आलेल्या गोऱ्या मुली आणि तिथले शायान जमातीचे तरुण यांच्या प्रेमकथा. लायब्ररीत त्यांचं एक आख्खं कपाट होतं आणि बाईंनी ते दोनदा संपवलं होतं.

त्र्याहत्तर साली लग्न होऊन त्या मिरजेहून थेट कॉव्हेंट्रीत आल्या. पासपोर्टवर शिक्का बसला, त्याचा अर्थ कुणीतरी सांगितला, की आता तुम्ही इथे सेटल. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. नवरा पुरुषोत्तम पोस्टात होता. माणूस सरळ, निर्व्यसनी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दोघांची भाषा एकच होती, आणि त्या भाषेत ती दोघं वर्षानुवर्षं बॉयलरबद्दल बोलली. पुरुषोत्तमराव सत्त्याण्णव साली हार्ट अटॅकनं गेले. बाईंना वाईट वाटलं, खरोखर वाटलं. पण रडून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आठवून रडावं असं एकही वाक्य नवऱ्यानं मागे ठेवलेलं नाही. त्यानंतर त्या लायब्ररीत जाऊ लागल्या. दुपारी शाळेत डिनर लेडी म्हणून मुलांना मटार संपवायला लावायचं, आणि घरी येऊन माळरान. त्या पुस्तकांतल्या दोघांना एकमेकांची भाषा येत नसे, आणि तरी ती एकमेकांना सगळं सांगत. बाईंना याचा फार हेवा वाटायचा.

दोन हजार सहाच्या दिवाळीला मंडळाकडे नाटक नव्हतं. जुना फार्स चार वेळा करून झाला होता आणि त्यातल्या नायकाचे गुडघे बदलायला टाकले होते. सभेत हा विषय निघाला, आणि कधी तोंड न उघडणाऱ्या मीनाक्षीबाई म्हणाल्या, "मी लिहू का?"

"विषय?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"एक एमिली नावाची गोरी मुलगी असते. वडिलांबरोबर नवीन गावात आलेली. आणि नदीपलीकडे एक शायान असतो."

श्रीकांतरावांच्या पत्नी रेखाबाई चिटणीस होत्या. त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "शहाणे? नागपूरचे का? आमच्या आत्येच्या जावेचं माहेर शहाण्यांकडचं."

"घराणं चांगलं," श्रीकांतराव म्हणाले. ते स्वतः नागपूरचे. "आणि विषय अगदी टॉपिकल आहे. गोरी सून. आपल्या मंडळात हल्ली घरोघरी हाच प्रॉब्लेम आहे. मुलांना काहीतरी घेण्यासारखं मिळेल."

मीनाक्षीबाईंनी खुलासा करायला तोंड उघडलं होतं, पण तोवर ठराव पास झाला होता, आणि पास झालेला ठराव मागे घेण्याची मंडळात पद्धत नव्हती. इतिवृत्तात नोंद झाली: 'नदीपलीकडचे शहाणे, दोन अंकी सामाजिक नाटक.'

शहाण्यांच्या कामासाठी जयंत तासकरांना धरून आणलं. जयंतराव मोटारींच्या कारखान्यातून रिटायर झालेले, बायको नंदा जाऊन सहा वर्षं झालेली. मंडळाच्या प्रत्येक नाटकाचं नेपथ्य तेच ठोकायचे आणि पडदा उघडला की मागे जाऊन एकटेच चहा प्यायचे. ते उंच होते आणि त्यांच्या संध्याकाळी मोकळ्या होत्या, एवढ्यावर निवड झाली. एमिलीचं काम पुण्याहून आलेल्या, आयटीत असलेल्या अक्षयानं घेतलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात कंपनीनं तिला उचलून हाउन्सलोला टाकलं. संवाद पाठ असलेली मंडळात एकच बाई उरली, जिनं ते लिहिले होते ती.

"एमिलीचं वय काय दाखवलंय?" श्रीकांतरावांनी विचारलं.

"एकोणीस."

सगळ्यांनी मीनाक्षीबाईंच्या अठ्ठावन्न वर्षांकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. "लाइट जरा कमी ठेवू," श्रीकांतराव म्हणाले.

पहिल्या वाचनातच भांडं फुटलं. नायक घोड्यावर बसतो, तंबूत राहतो, गव्याची शिकार करतो, हे ऐकून रेखाबाईंचा चेहरा उतरत गेला. नागपूरच्या शहाण्यांकडे असं काही नव्हतं.

"वन मिनिट. म्हणजे हा रेड इंडियन आहे?" श्रीकांतराव म्हणाले. "मीनाक्षीताई, अहो, तुम्ही कमिटीची दिशाभूल केलीत."

"मी शायान म्हणाले होते."

"आम्ही शहाणे ऐकलं."

"त्याला मी काय करणार?"

हॉल बुक झाला होता. कौन्सिलकडून ग्रँट आली होती आणि कौन्सिलच्या बाई स्वतः बघायला येणार होत्या. तेव्हा कमिटीनं शायान माणसाला आपल्यात घेण्याचं ठरवलं, पण संस्कार करून. गव्याची शिकार गेली, त्याऐवजी तो शेती करतो असं आलं. तंबूसमोर रांगोळी आली. दोघांमध्ये कायम एक बैलगाडी राहील अशी व्यवस्था झाली. माळरानावर बैलगाडी कशी, असं कुणी विचारलं नाही, कारण ती मागच्या वर्षीच्या नाटकातली तयार होती.

रेखाबाईंनी पार्टी शॉपमधून रंगीत पिसांचा टोप आणला, तेव्हा मात्र जयंतराव नाही म्हणाले. ते सहसा नाही म्हणत नसत, त्यामुळे सगळे थांबले.

"वहिनी, हा मी घालणार नाही. मी कारखान्यात लागलो ना, तेव्हा लाइनवरची पोरं मला चीफ म्हणायची. इंडियन म्हटल्यावर त्यांना हेच आठवायचं. मी आलो की तोंडावर हात मारून हू हू करायची. माझं नाव तासकर आहे हे फोरमनला चार वर्षांनी कळलं." त्यांनी टोप नीट घडी करून परत पिशवीत ठेवला. "ते शायान लोक आजही आहेत. मी लायब्ररीत वाचलं. त्यांच्यातही वकील असतील, नर्सेस असतील, आपल्यासारखे रिटायर झालेले असतील. त्यांच्यातला कुणी हॉलमध्ये येऊन बसला तर त्याच्याकडे बघता आलं पाहिजे मला."

"इथे कोण येणारे?" रेखाबाई म्हणाल्या.

"कुणी नाही. तरी."

त्याच क्षणी मीनाक्षीबाईंना तो माणूस मनापासून आवडला. पुस्तकांच्या कपाटातल्या एकाही नायकानं असा टोप परत केला नव्हता. खरं तर त्यांना थोडी शरमही वाटली, कारण तो टोप त्यांच्या पहिल्या मसुद्यात होता, पिसांच्या रंगांसकट.

तालमी सुरू झाल्या. तालीम संपली की जयंतराव त्यांना गाडीनं घरी सोडायचे. स्टेजवर एमिली त्याला 'तू' म्हणायची. माळरानावर अहो-जाहो कोण करणार? "तुझी नदी कुठून येते?" ती विचारायची, आणि बैलगाडीपलीकडून तो सांगायचा. गाडीत बसल्यावर मात्र "जयंतराव, तुम्ही उगाच लांबून जाता" आणि "छे हो वहिनी, वाटेतच आहे." वाटेत मुळीच नव्हतं. पुरुषोत्तम हयात असताना जयंतरावांनी मित्राच्या बायकोला वहिनी म्हटलं होतं, आणि मित्र गेल्यावर नातं बदलायची सोय मराठीत कुणी करून ठेवलेली नाही. एकदा जयंतराव म्हणाले, "गंमत आहे, नाही? इथे वस्ती करायला आलो आपण, म्हणजे तुम्ही आम्ही दोघंही एमिली. शायान म्हणजे हे गोरे. आणि काम मला इंडियनचं." बाई इतक्या हसल्या की त्यांना सीटबेल्ट काढावा लागला. आपण शेवटचं असं कधी हसलो होतो, हे त्यांना आठवेना.

ऑक्टोबरमध्ये शाळेतून परत येताना बसच्या खिडकीतून त्यांना जयंतरावांच्या घरापुढे 'फॉर सेल'चा बोर्ड दिसला. संध्याकाळी गाडीत त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"पुष्कर मागे लागलाय," जयंतराव म्हणाले. पुष्कर त्यांचा मुलगा, एडिनबरात फायनान्समध्ये; सिया ही त्याची मुलगी. "सियाला शाळेतून आणायला कुणीतरी हवं. आणि इथे एकटा मी काय करतो, म्हणतो. खरंच आहे. इथे कोण आहे थांबवणारं?"

एवढं बोलून त्यांनी गाडी थांबवली, कारण मीनाक्षीबाईंचं घर आलं होतं. ही वाक्यं कशी असतात ते बाईंना पाठ होतं. कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात नायक असं म्हणतो आणि नायिका पुढच्याच ओळीत त्याच्या गळ्यात पडते. त्या "थँक यू, जयंतराव" म्हणाल्या, पर्स सावरली आणि उतरल्या. दार उघडून आत आल्या आणि कोट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. त्यांनी ठरवलं, उद्या सांगू. मग दुसऱ्या दिवशी, मग रविवारी. पण काय म्हणून हाक मारायची तेच ठरेना. 'जयंतराव, जाऊ नका' हे तर मंडळाच्या निरोपसमारंभातलं वाक्य झालं. स्टेजवरचं 'तू' तोंडात होतं, पण हॉलच्या पायऱ्या उतरल्या की जीभ आपोआप मागे फिरायची.

इकडे श्रीकांतराव शेवटच्या प्रवेशापर्यंत पोचले होते. त्या प्रवेशात शायानांचा तळ हलतो, नायक पाठ फिरवून निघतो आणि एमिली त्याला हाक मारते, "थांब."

"हे चालणार नाही," श्रीकांतराव म्हणाले. "आतापर्यंतचं तू-तू मी सहन केलं. पण इथे तिनं मनानं त्याला वरलंय. म्हणजे ती आता पत्नीच. 'अहो, थांबा' म्हणू दे. मुलं बघणारेत, मीनाक्षीताई. आपण इथे कल्चर टिकवायला मंडळ काढलंय."

"अमेरिकेतली मुलगी अहो म्हणेल?"

"मराठी नाटकातली म्हणेल."

बाईंनी वाद घातला नाही. पण तालमीत तो शब्द त्यांच्या तोंडून निघेना. तसा तर तो रोजचाच शब्द. अहो श्रीकांतराव, अहो रेखावहिनी, दिवसातून शंभरदा. पण पुढे नाव न लावता नुसतं 'अहो' बाई एकाच माणसाला म्हणते, आणि तो माणूस सत्त्याण्णव साली गेला होता. "ते मी प्रयोगाला म्हणेन," बाई म्हणायच्या आणि तालीम पुढे जायची. जयंतराव पाठमोरे उभे असायचे, त्यामुळे त्यांचा चेहरा कुणी पाहिला नाही.

प्रयोगाला हॉल भरला. मीनाक्षीबाईंचा इथेच जन्मलेला मुलगा परीक्षित हाउन्सलोहून गाडी चालवत आला होता. पहिल्या रांगेत कौन्सिलच्या बाई गळ्यात मंडळानं दिलेला झेंडूचा हार घालून बसल्या होत्या. त्यांनी श्रीकांतरावांना कौतुकानं विचारलं, की हे शायान लोक महाराष्ट्राच्या नेमक्या कुठल्या भागातले? श्रीकांतरावांनी क्षणभर विचार केला. "नागपूर साइड," ते म्हणाले. कौन्सिलच्या बाईंनी ते लिहून घेतलं.

पहिला अंक सुरळीत पार पडला. लाइट कमी ठेवल्यामुळे एमिली एकदा बैलगाडीला अडखळली, एवढंच. दुसऱ्या अंकात जयंतराव साध्या तपकिरी कुडत्यात, मोकळ्या डोक्यानं उभे राहिले आणि आपल्या माणसांना आपलीच जमीन सोडून जावं लागतंय हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मागचे समोसे गरम करणारे लोकही ऐकत थांबले. मग ते वळले आणि विंगेकडे चालू लागले.

मीनाक्षीबाईंना समोर स्टेज दिसत नव्हतं. एक बोर्ड दिसत होता, आणि त्यावर लवकरच चिकटेल ती 'सोल्ड'ची पट्टी. विंगेतून रेखाबाईंनी प्रॉम्प्टिंग केलं, "अहो थांबा. अहो थांबा." सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

बाईंनी श्वास घेतला आणि म्हटलं, "अहो."

आवाज खणखणीत निघाला. त्याबरोबर हॉलमधल्या निम्म्या पुरुषांनी दचकून माना वर केल्या. एकानं झोपेतून उठून "आलो, आलो" म्हटलं. समोशांच्या टेबलामागून एक जण हातात चिमटा घेऊन बाहेर आला. मंडळातले यच्चयावत नवरे त्या हाकेला उठून बसले. फक्त ज्याला मारली होती तो थांबला नाही. नंदा गेल्यावर पहिली काही वर्षं हॉलमध्ये कुणीही अहो म्हटलं की जयंतराव वळून बघायचे, आणि ती दुसऱ्याच कुणाची तरी बायको असायची. शेवटी त्यांनी न वळायची सवय करून घेतली होती. ती सवय त्यांना विंगेकडे घेऊन चालली होती.

बाईंनी हे पाहिलं आणि त्यांना कळलं, की हा माणूस आता खरंच जाणार. आधी विंगेत, आणि मग एडिनबराला.

"जयंत," त्या म्हणाल्या. "अरे जयंत, थांब."

जयंतराव थांबले. वळले. बैलगाडीला वळसा घालून पुढे आले, जे कमिटीनं स्पष्ट मना केलं होतं.

"काय गं?" ते म्हणाले.

हे दोन शब्द मीनाक्षीबाईंना गेल्या नऊ वर्षांत कुणी म्हटले नव्हते. पुढचं लिहिलेलं सुंदर वाक्य, ज्यात नदी होती आणि पलीकडचा किनारा होता, ते पार उडून गेलं.

"तो बोर्ड काढ," त्या म्हणाल्या.

"उद्या काढतो," जयंतराव म्हणाले.

पडदा ओढणाऱ्याला आपली वेळ कळेना. रेखाबाई विंगेत भराभर पानं उलटत होत्या. शेवटी कौन्सिलच्या बाई उभ्या राहून टाळ्या वाजवू लागल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. आभारप्रदर्शनात श्रीकांतरावांनी सांगितलं, की शायान लोकांत तळ हलवताना बोर्ड लावण्याची जुनी प्रथा असून लेखिकेनं त्यावर सखोल अभ्यास केलेला आहे.

मेकअप पुसायला मीनाक्षीबाई किचनमध्ये आल्या. मागोमाग परीक्षित आला. रेखाबाई तिथेच कपबशा लावत होत्या, म्हणजे एकच कपबशी बराच वेळ पुसत होत्या.

"आई, तुझा नाटक मस्त होती," परीक्षित म्हणाला. "पण लास्टला मला नाही कळला. व्हॉट बोर्ड?"

"जयंतच्या घरापुढचा. फॉर सेलचा."

परीक्षितनं आईकडे पाहिलं, मग सर्व्हिंग हॅचमधून हॉलमध्ये पाहिलं. तिथे जयंतराव एकटेच बैलगाडीचं चाक सोडवत होते आणि मधूनच थांबून किचनच्या दाराकडे बघत होते. बापाची आठवण येऊन त्याचा चेहरा जरा वाकडा झाला, मग सरळ झाला.

"ओके," तो म्हणाला. "मग आता मी त्यांना काय म्हणायची? काका तर मी आधीच म्हणतो."

"तुला काय जमेल ते म्हण," मीनाक्षीबाईंनी कपाळावरची पावडर पुसली आणि रेखाबाईंच्या हातातली कपबशी काढून घेऊन चहा ओतला. "मी तू म्हणणारे."

आणि त्या कपबशी घेऊन हॉलमध्ये गेल्या.